पेपर टेम्प्लेटला रंग दिला, पण निवडलेला रंग काही येत नाही

डिजिटल स्क्रॅपबुकिंगमध्ये, म्हणजे संगणकावर आठवणींची पानं सजवण्याच्या छंदात, मदतीसाठी माझ्याकडे येणाऱ्या फायलींत एक तक्रार हटकून असते. पेपर टेम्प्लेट, म्हणजे हवा तो रंग भरण्यासाठी तयार मिळणारी कागदाची फाइल, उघडलं, मनासारखा रंग निवडला, भरला आणि कागदावर भलतंच काहीतरी उमटलं. तक्रारीची रूपं वेगवेगळी असतात, म्हणून आधी लक्षणं पाहू. तुमचं यातलं कोणतं ते ओळखा.

- पिवळा दिला की शेवाळी होतो, गुलाबी दिला की वाइनसारखा गडद होतो. एकूण सगळेच रंग मळकट येतात.
- ह्यूची (रंगछटेची) पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली तरी कागद जैसे थे.
- पांढरे ठिपके पांढरेच राहतात, काळी नक्षी काळीच राहते.
- एकाच पट्ट्याला रंग द्यायचा होता, रंगला सगळा कागद.
- रंग अचूक आला, पण सुरकुत्या, धागे, कागदाचा खरखरीतपणा पुसला गेला.
- नक्षीच्या कडेला बारीक राखाडी रेघ उरते.
- लाल रंग निवडला तरी रंगाच्या चौकटीत राखाडीच दिसतो.
- प्रोग्रॅममध्ये छान दिसतं, सेव्ह केल्यावर किंवा छापल्यावर उतरलेलं दिसतं.

यातल्या फारच थोड्या वेळा रंगाची निवड चुकलेली असते. पेपर टेम्प्लेट मुद्दाम राखाडीत बनवलेलं असतं. ते एकावर एक ठेवलेल्या थरांचं, म्हणजे लेयरचं असतं: सर्वांत खाली कागदाचा मूळ लेयर, त्यावर ठिपके, पट्टे, फुलं यांचे सुटे लेयर आणि सगळ्यांच्या वर पोताचा लेयर. पूर्ण आकाराचा कागद साधारणपणे १२ बाय १२ इंच, ३०० पीपीआय (दर इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेलचा असतो. तुमचा रंग डोळ्यांपर्यंत पोचतो तो या राखाडीतून गाळून. राखाडी किती उजळ आहे आणि लेयर एकमेकांशी कोणत्या पद्धतीने मिसळतात, यावर शेवटचा रंग ठरतो. रंगांच्या चक्रात तासन्‌तास फिरण्याऐवजी आधी राखाडीकडे आणि लेयरकडे बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. नावं फोटोशॉपची वापरली आहेत. एलिमेंट्स, फोटोपी, अफिनिटी, गिम्प यांत जागा बदलतात, तत्त्व तेच राहतं. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि आल्टऐवजी ऑप्शन. आणि सुरुवातीलाच फायलीची एक प्रत करून मूळ टेम्प्लेट बाजूला ठेवा.

पहिली तपासणी: पडदा

संगणकाची नाइट लाइट किंवा डोळ्यांना आराम देणारी सोय चालू असेल तर पडदा पिवळसर होतो आणि निळे-जांभळे रंग मळतात. ती बंद करा. मग कंट्रोल + १ दाबून फाइल १०० टक्क्यांवर पाहा. बारीक रेघांचा किंवा दाणेदार पोताचा कागद लहान करून पाहिला की प्रोग्रॅम शेजारशेजारचे पिक्सेल मिसळून दाखवतो, त्यामुळे रंग वेगळा भासतो. खरा रंग १०० टक्क्यांवरच कळतो.

दुसरी तपासणी: नेमकं काय निवडलेलं आहे

रंगाच्या चौकटीत राखाडीच दिसत असेल तर लेयर पॅलेटमध्ये पाहा, चौकट लेयरच्या चित्राभोवती आहे की शेजारच्या मास्कच्या चित्राभोवती? मास्कला रंग कळत नाही, त्याला फक्त किती दाखवायचं आणि किती झाकायचं एवढंच कळतं. म्हणून मास्क निवडलेला असताना लाल मागितला तरी लालाच्या उजळपणाचा राखाडी मिळतो, आणि तो भरला तर लेयर अर्धवट पारदर्शक होतो. लेयरच्या चित्रावर एक क्लिक केलं की काम होतं. चुकून क्यू दाबला जाऊन क्विक मास्क सुरू झाला असेल तरी असाच गोंधळ होतो. पुन्हा क्यू दाबा.

याच वेळी कंट्रोल + डी दाबून घ्या. कुठेतरी कोपऱ्यात दोन-चार पिक्सेलचं सिलेक्शन उरलेलं असतं आणि रंग तेवढ्याच जागेत भरला जातो, वर वाटतं की काही झालंच नाही. लेयरला पूर्ण कुलूप लागलंय का, लेयर दाखवणारी डोळ्याची खूण बंद आहे का, हेही एका नजरेत कळतं.

तिसरी तपासणी: फाइलची पट्टी वाचा

वर फाइलच्या नावापुढे 'आरजीबी/८' असं काही लिहिलेलं असतं. आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांतून रंग मांडण्याची पद्धत, ८ म्हणजे ८-बिट. तिथे 'ग्रे/८' दिसलं तर फाइल ग्रेस्केल, म्हणजे फक्त राखाडी छटांच्या मोडमध्ये आहे आणि तिच्यात रंग राहूच शकत नाही. इमेज मेनूतून मोड आरजीबी करा. बदलताना लेयर एकत्र करू का असं विचारलं जाईल, तिथे नकार द्या. घाईत होकार दिला तर सगळे लेयर एकाच चादरीत शिवले जातात आणि फाइल सेव्ह करून बंद केली की ते परत सुटे होत नाहीत. एलिमेंट्समध्ये १६-बिट फायलीवर लेयरची कामं होत नाहीत, तिथे आधी ८-बिट करून घ्यावी लागते.

आरजीबीच्या पुढे 'सीएमवायके' (छपाईच्या चार शाया) असं जोडलेलं दिसत असेल तर कंट्रोल + वाय दाबलं गेलंय. ते छपाईत रंग कसा दिसेल त्याचं पूर्वदर्शन असतं, म्हणून सगळं फिकं दिसतं. पुन्हा तेच दाबा.

चौथी तपासणी: वर झाकण आहे का

लेयरच्या नावापुढे 'एफएक्स' असेल तर ते उघडा. काही टेम्प्लेटमध्ये कलर ओव्हरले नावाचा इफेक्ट आधीच लावलेला असतो आणि तो लेयरमधला मूळ रंग पूर्ण झाकतो. खाली तुम्ही कितीही वेळा रंग भरा, वर दिसणार इफेक्टचाच रंग. एकतर इफेक्टमधलाच रंग बदला किंवा तो बंद करा. चित्राच्या कोपऱ्यात छोटी खूण असलेला लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे बंद डब्यात ठेवल्यासारखा लेयर असतो. त्यात थेट रंग भरता येत नाही, वरून क्लिप केलेला रंग द्यावा लागतो (क्लिप कसं करायचं ते पाचव्या तपासणीत).

पाचवी तपासणी: क्लिपिंग

एका पट्ट्याऐवजी सगळा कागद रंगतो तेव्हा रंगाचा किंवा ह्यू/सॅच्युरेशनचा (रंगछटा आणि रंगाची तीव्रता बदलणारा) लेयर सुटा राहिलेला असतो. असा सुटा अॅडजस्टमेंट लेयर (स्वतः चित्र नसून खालचा रंग-उजेड बदलणारा) आपल्या खालच्या सगळ्यांवर काम करतो. आल्ट दाबून तो लेयर आणि त्याच्या खालचा लेयर यांच्या मधल्या रेघेवर क्लिक करा. तो थोडा आत सरकतो, बाणाची खूण येते, आणि मग त्याचा अंमल फक्त खालच्या एका लेयरपुरता उरतो.

एक बारकावा इथे बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. क्लिप केलेला रंग खालच्या लेयरचा ब्लेंड मोड (मिसळण्याची पद्धत) आणि ओपॅसिटीही (लेयर किती अपारदर्शक आहे ते) उचलतो. पट्ट्यांचा लेयर मूळ टेम्प्लेटमध्येच मल्टिप्लाय या गडद करणाऱ्या मोडवर आणि ४० टक्के ओपॅसिटीवर ठेवलेला असेल, तर तुमचा केशरीही ४० टक्केच दिसणार आणि खालच्या कागदात मिसळणार. रंग फिका वाटला की तो आणखी भडक करत बसण्याआधी पायाच्या लेयरचे या दोन गोष्टी पाहा.

ग्रुपचंही तसंच. ग्रुप 'पास थ्रू'वर असेल तर आतले लेयर ग्रुपबाहेरच्या खालच्या लेयरवरही परिणाम करतात, 'नॉर्मल'वर असेल तर परिणाम ग्रुपच्या आतच अडतो. पोताचा लेयर एखाद्या ग्रुपमध्ये ओढून आणल्यावर अचानक पोत दिसेनासा झाला, त्या जागी राखाडी पत्रा आला, तर ग्रुपचा मोड 'नॉर्मल' झालेला असतो. गिम्पच्या २.१० आवृत्तीत फोटोशॉपसारखं क्लिपिंग नाही, तिथे सुट्या नक्षीसाठी अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची नोंद) लॉक करून थेट रंग भरणं सोपं पडतं.

सहावी तपासणी: राखाडीची पातळी

खरी मेख इथे आहे. मळकट रंगाच्या बहुतेक तक्रारी याच तपासणीत सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफ८ दाबून रंगाचे आकडे दाखवणारं इन्फो पॅलेट उघडा, आयड्रॉपर (रंग वाचणारं साधन) ५ बाय ५ सरासरीवर ठेवा आणि कागदाच्या साध्या भागावर न्या. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. समजा आकडा १२८ आला, म्हणजे बरोबर मधला राखाडी. आता त्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये शुद्ध पिवळा ठेवला, लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. मल्टिप्लाय म्हणजे प्रत्येक आकड्याचा गुणाकार करून २५५ ने भागणं. उत्तर येतं १२८, १२८, ०. वेबच्या प्रमाणित रंगनावांत याच आकड्यांना 'ऑलिव्ह' म्हणतात. म्हणजे शेवाळी रंग चुकून आलेला नाही, गणिताने तोच यायला हवा होता. गुलाबी २४०, १२०, १५० घेतला तर १२०, ६०, ७५ उरतो, तो झाला वाइनचा रंग.

हाच गुलाबी २३० च्या राखाडीवर ठेवला तर २१६, १०८, १३५ येतो, मूळ रंगाच्या अगदी जवळ. तेव्हा रंगाला हात न लावता राखाडी उजळ करायची. राखाडी लेयरवर लेव्हल्सचा (उजळ-गडद बदलणारा) अॅडजस्टमेंट लेयर क्लिप करा. समजा कागदाचा पोत ११३ ते १४३ च्या दरम्यान खेळतोय आणि सरासरी १२८ आहे. इनपुटचा पांढरा त्रिकोण २५५ वरून १४३ वर आणा, मधला त्रिकोण जागेवरच राहू द्या. आता १४३ चा २५५ होतो, १२८ चा साधारण २२८ आणि ११३ चा साधारण २०१. उजळ-गडदाचं आपसातलं प्रमाण तेच राहिल्यामुळे पोत तसाच दिसतो आणि वरचा रंग मोकळा होतो. त्यासाठी ह्यू/सॅच्युरेशनमधली लाइटनेस पट्टी मात्र वापरू नका. ती सगळे आकडे पांढऱ्याकडे ढकलत एकमेकांजवळ आणते आणि पोत चपटा करते.

पोताचा लेयर वर असून ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइटवर असेल तर हिशोब वेगळा. या दोन्ही मोडमध्ये मधला राखाडी, म्हणजे १२८, तटस्थ असतो, तो खालच्या रंगाला बदलत नाही. पोताची सरासरी १०० असेल तर कागद गडद होणार, १५० असेल तर उजळणार. इथे लेव्हल्सच्या मधल्या त्रिकोणाने सरासरी १२८ वर आणायची. मल्टिप्लायमध्ये पांढरा तटस्थ, स्क्रीन या उजळ करणाऱ्या मोडमध्ये काळा तटस्थ. एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर नवं टेम्प्लेट हातात आल्यावर ते कसं रचलंय ते लगेच कळतं.

आणि पोत गायब होण्याचं कोडंही इथेच सुटतं. ओव्हरले आणि सॉफ्ट लाइट खालच्या रंगातल्या शून्याला आणि २५५ ला हलवू शकत नाहीत. शुद्ध पिवळ्याच्या तिन्ही आकड्यांत एकही मधला नाही, म्हणून त्यावर सुरकुत्या उमटतच नाहीत. पांढऱ्याशुभ्र कागदावरही हेच होतं. २४५, २२०, ४० असा किंचित आत घेतलेला पिवळा निवडा, पोत लगेच परत येतो. कागद पांढराच हवा असेल तर पोत मल्टिप्लायवर टाका आणि ओपॅसिटी कमी करत आणा.

सातवी तपासणी: साधन बरोबर आहे का

राखाडीला ह्यूच नसतो. त्यामुळे कंट्रोल + यू करून ह्यूची पट्टी सरकवली तर फिरवायला तिथे काही नाही. त्याच चौकटीतल्या 'कलराइज'वर खूण करा. सॅच्युरेशन आपोआप २५ वर येतं, ते बहुतेकदा फारच कमी असतं, वाढवा.

कलराइजनेही पांढरा आणि काळा रंगत नाहीत, कारण उजळपणाच्या दोन्ही टोकांना रंगाला जागाच उरत नाही. पांढऱ्या ठिपक्यांवर रंगाचा लेयर क्लिप करून मल्टिप्लायवर ठेवा. पांढरा गुणिले रंग म्हणजे तोच रंग. काळ्या नक्षीवर उलट, स्क्रीन वापरा. नक्षी सपाट असेल, तिच्यात छटा नसतील, तर याहून सोपं आहे: फोरग्राउंडचा रंग (साधनांच्या पट्टीतल्या पुढच्या चौकटीतला) निवडा आणि शिफ्ट + आल्ट + बॅकस्पेस दाबा. रिकामी जागा सोडून फक्त नक्षी भरली जाते. छटा असलेल्या लेयरवर मात्र हा उपाय करू नका. त्याने सगळे पिक्सेल एकसारखे होतात, आणि 'रंग आला पण सुरकुत्या गेल्या' या तक्रारीचं हे दुसरं मोठं कारण आहे.

नक्षी आणि कागद एकाच लेयरवर असतील तर ग्रेडियंट मॅप. तो राखाडीची प्रत्येक पायरी घेऊन तिच्या जागी दोन रंगांच्या मधली तेवढीच पायरी ठेवतो. गडद टोकाला नक्षीचा रंग, उजळ टोकाला कागदाचा. मला स्वतःला हे साधन सर्वांत आवडतं, कारण सावल्यांना वेगळी छटा देता येते. निळसर कागदाच्या सुरकुत्यांत नुसता गडद निळा न टाकता जांभळट घातला की कागद जिवंत वाटतो. रंगाचे पट्टे उमटू लागले तर त्यातल्या 'डिदर'वर खूण करा.

आठवी तपासणी: कडा

कडेची राखाडी रेघ जवळजवळ नेहमी पेंट बकेटमुळे येते. तिचा टॉलरन्स (किती जवळच्या छटा धरायच्या ती मर्यादा) मुळात ३२ असतो आणि नक्षीच्या कडेचे पिक्सेल गुळगुळीत दिसावेत म्हणून अर्धवट छटांचे असतात. त्या छटा ३२ च्या मर्यादेबाहेर पडल्या की बकेट त्यांना सोडून देते. टॉलरन्स वाढवून हे सुटत नाही, कारण मग रंग शेजारी सांडतो. क्लिपिंग, शिफ्ट + आल्ट + बॅकस्पेस किंवा ग्रेडियंट मॅप यांपैकी काहीही वापरा, कडा त्यांच्या अर्धवटपणासह रंगतात. तरीही रेघ राहिली तर त्या नक्षीची मूळ राखाडी प्रत खाली चालू आहे का ते पाहा. डोळा बंद केला की रेघ जाते.

नववी तपासणी: सेव्ह आणि छपाई

प्रोफाइल म्हणजे रंगाच्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा याची नोंद. फाइल अॅडोब आरजीबी प्रोफाइलमध्ये असेल आणि ती प्रोफाइलशिवाय बाहेर गेली, तर बहुतेक ठिकाणी ती एसआरजीबी समजून दाखवली जाते आणि रंग उतरतात. एडिट मेनूत 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरून एसआरजीबी करा. शेजारचं 'असाइन प्रोफाइल' घेऊ नका. ते आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं, कन्व्हर्ट अर्थ टिकवून आकडे बदलतं. जेपेगची क्वालिटी १२ पैकी १० च्या खाली नेऊ नका, लाल रंगाची बारीक नक्षी सर्वांत आधी फिसकटते. लेयर असलेली पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) वेगळी जपून ठेवा.

भडक निळा, झगझगीत हिरवा, केशरी हे रंग पडद्यावर दिसतात तसे शाईत बसत नाहीत. शिफ्ट + कंट्रोल + वाय दाबलं की न बसणारे भाग राखाडी दिसतात. पूर्ण पान छापण्याआधी सगळ्या कागदांच्या पट्ट्या एका छोट्या पानावर लावून चाचणी छपाई करा.

कुठे थांबायचं

लेयर नसलेली, एकाच चादरीत मिळालेली फाइल असेल आणि तिच्यात तीन-चार रंगांची नक्षी एकमेकांत गुंतलेली असेल, तर तासन्‌तास सिलेक्शन करत बसू नका. टेम्प्लेट बनवणाऱ्याकडे लेयरची आवृत्ती मागा. फाइल उघडताना एररचा संदेश येत असेल, काही लेयर रिकामे दिसत असतील, तर एकदा पुन्हा डाउनलोड करून पाहा. तरी तसंच असेल तर फाइलच बिघडलेली आहे आणि ती दुरुस्त करणं बनवणाऱ्याचं काम आहे.

चाचणी छपाई दोनदा करूनही पडदा आणि कागद जुळत नसतील तर टेम्प्लेटमध्ये आणखी काही बदलू नका. छपाई करणाऱ्याकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल घ्या आणि पडद्याचं कॅलिब्रेशन (पडद्याचे रंग अचूक करणं) उपकरण लावून करून घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने केलेलं कॅलिब्रेशन खोलीतला उजेड बदलला की फसतं. दुसऱ्याची ऑर्डर असेल, ठरावीक रंग हुबेहूब हवा असेल, तर हे काम पहिल्यापासूनच रंगव्यवस्थापन जाणणाऱ्या माणसाकडे द्या. रंग बदललेले कागद विकायचे असतील तर आधी टेम्प्लेटच्या अटी वाचा. व्यावसायिक वापराची परवानगी स्पष्ट लिहिलेली नसेल तर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मदत मागताना नुसता बिघडलेल्या कागदाचा फोटो पाठवून काही कळत नाही. सगळे ग्रुप उघडलेल्या लेयर पॅलेटचं चित्र, फाइलची वरची पट्टी, प्रोग्रॅमची आवृत्ती, हवा असलेल्या रंगाचे तीन आकडे आणि त्याच जागी इन्फोमध्ये दिसणारे तीन आकडे पाठवा. या दोन ओळींतल्या आकड्यांचा फरक पाहिला की अडचण राखाडीत आहे, ब्लेंड मोडमध्ये आहे की प्रोफाइलमध्ये, ते फाइल न उघडताही बहुतेक वेळा सांगता येतं.